पाण्यात म्हैस, हॉलमध्ये सोफा

सोफा आठ महिन्यांत खचला म्हणून तू दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतोयस. मोड. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो. पण आधी तुझा कान पकडायचा आहे, कारण फसवून घ्यायला तू स्वतःच्या पायांनी चालत गेला होतास.

पोटापाण्याला काय करतोस रे तू? चाकणला गाड्यांच्या सीट बनतात, तिथे क्वालिटीला आहेस ना? फोमचा तुकडा प्लेट्समध्ये दाबून 70 अंशांच्या ओव्हनमध्ये 22 तास ठेवतोस. बाहेर काढून अर्धा तास मोकळा सोडतोस आणि मग उंची किती परत आली, किती कायमची गेली, ते रजिस्टरला लिहितोस. आकडा जरा हलला की सप्लायरची पोरं तुझ्यासमोर चळचळा कापतात, हे तूच मिशीला पीळ देत सांगितलं होतंस. आणि घरच्या सोफ्याची परीक्षा काय घेतलीस? शोरूममध्ये एकदा बुड टेकवलंस, दोनदा उसळलास. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, फॉर्टी डेन्सिटी आहे, दहा वर्षं बघायला नको,’ आणि साहेबांनी मान डोलावली. म्हैस पाण्यात आणि मोल काठावर! सूनबाईने पडद्याशी कापड जुळवलं, ते तिने चोख केलं. कापडाच्या आत काय आहे ते पाहणं तुझं काम होतं.

परवा तुझ्याकडे आलो तेव्हा गादीची चेन उघडून आतला फोम बाहेर काढला, तर तू माझ्याकडे असा पाहत राहिलास, जणू मी चोरीच करतोय. बॅगा मोजायचा हुकाचा काटा तुमच्याकडे आहेच, विमानाच्या सामानासाठी घेतलेला. त्याला फोम लटकवला. 1 किलो 50 ग्रॅम. गादी 24 बाय 24 इंच, जाडी 5. घनमीटरमध्ये आकारमान काढ म्हटलं तर मोबाइल शोधायला लागलास! 0.047. भागाकार कर. साधारण 22 येतात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, दुसरं काही नाही. 40 चा फोम असता तर तो तुकडा पावणेदोन किलोच्या पुढे भरला असता. हा हिशेब आठवीतल्या पोराला येतो. तो काटा खिशात घालून शोरूममध्ये गेला असतास तर आज ही रडगाणी ऐकावी लागली नसती.

आणि फोम कडक लागला म्हणून टिकाऊ असतो, हे कोणी सांगितलं तुला? कडकपणा वेगळा, घनता वेगळी. हलका फोमही कडक बनवता येतो. दुकानात तो तुला मस्त उचलून धरतो आणि घरी आल्यावर वर्षाच्या आत मान टाकतो. नुसतं वजन पाहूनही भागत नाही. वजन वाढवायला फोममध्ये चुनखडीची भुकटी मिसळणारे महाभाग बाजारात आहेत. तसा फोम काट्यावर भरतो, पण वागतो हलक्यासारखाच, आणि बोटाने चिमटला की लवकर फाटतो. हे सगळं तुला कामावर माहीत असतं. घराचा उंबरा ओलांडला की विसरतोस.

आता तुझा प्रश्न: नवा सोफा किती दिवस नीट राहायला हवा? पहिल्या काही महिन्यांत कोणताही फोम थोडा मऊ पडतो. त्यातल्या बारीक पेशींचे पापुद्रे फुटतात आणि बैठक जराशी बसते. तेवढं होणारच, त्यावर ओरडू नकोस. पण उठल्यावर खड्डा तसाच राहतो, बसल्यावर ढुंगणाला खालची पट्टी लागते, हे आठ महिन्यांत होता कामा नये. 40 चा चांगला फोम, तोही हाय रेझिलियन्सचा, रोजच्या वापरात सात-आठ वर्षं आरामात धरतो. 32 चा असेल तर चार-पाच धर. 20-22 चा फोम पाठीच्या उशीला ठीक आहे, त्यावर माणसं बसवायची नसतात. आणि सांगाडा त्याहून दुप्पट टिकला पाहिजे, म्हणजे एका सांगाड्यावर दोनदा फोम बसवता आला पाहिजे. तुझे आजोबा गादी दरवर्षी पिंजाऱ्याकडून पिंजून घेत. ती खचते हे त्यांना ठाऊक होतं. तुला मात्र एकदा पैसे टाकले की आयुष्यभर हात लावायला नको असतो.

आजोबांच्या काळचंच बघ. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला अहमदनगर ते पुणे धावली. त्या बेडफर्ड गाड्यांना लाकडी बॉडी होती आणि सीट काथ्याच्या. त्यावर बसून गेलेल्यांच्या कमरा काय म्हणत असतील ते असो, पण काथ्या नारळाचा आहे हे बघणाऱ्याला दिसत होतं. फोमचं तसं नाही. 22 आणि 40 डोळ्यांना सारखेच दिसतात. म्हणून तर मोजायचं.

परवा फोम मोजून झाल्यावर मग सोफा उलटा केला. तुझा चेहरा तेव्हाही पाहण्यासारखा झाला होता. खालचं काळं कापड पिनांनी ठोकलेलं असतं, ते एका कोपऱ्यात सोडवलं तर आत काय निघालं? झिगझॅग स्प्रिंग नाही. रबरी पट्टे, तेही लांब लांब अंतरावर, एकाच दिशेने ताणलेले. आडवे-उभे विणलेले असते तर भार वाटला गेला असता. लाकूड यंत्रांच्या पेट्यांचं, गाठी असलेलं, कोपऱ्याला ठोकळा नाही, फेव्हिकॉल नाही, नुसत्या पिना. तू बसतोस तिथला पट्टा सैल होऊन लोंबत होता. म्हणजे अर्धा खड्डा फोमचा, अर्धा पट्ट्याचा. दुकानात पुढचा एक पाय वीतभर उचलून बघायचा असतो. दुसरा पुढचा पाय लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट, जमिनीलाच चिकटून राहिला तर तो पिळवटतोय. एवढं करायला इंजिनिअरची पदवीही लागत नाही.

आता तुमच्या वापराचं. घरून काम असलं की तू सकाळपासून रात्रीपर्यंत डाव्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप. तिथेच जेवण, तिथेच मॅच. उजवी बाजू कोरी करकरीत! गाद्या दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करायच्या, उलट्यापालट्या करायच्या, हे कोणी करत नाही. तुझा मुलगा सोफ्याच्या हातावर घोडा करून बसतो, तू हसतोस. हात माणसाचं वजन पेलायला केलेला नसतो. अकराव्या मजल्यावर पश्चिमेचं ऊन थेट कापडावर पडतं आणि 2009 ला महापालिकेत आल्यापासून तुमच्या ताथवड्यात बांधकाम थांबलंय कधी? ती बारीक धूळ विणीत शिरते आणि बसल्या-उठल्यावर धागा घासते. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवायला तुझं काय जातं?

आणि आता हा टाकून लेदरेटचा घेऊ म्हणतोस. म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या स्वस्त कापडावरचा पातळ थर दमटपणाने आणि घामाने सुटतो. पुण्याच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्याची खवलं निघायला लागतात आणि शर्टाला चिकटतात. नवा सोफा आणायचं नाव काढू नकोस.

बिल कुठे आहे? पक्कं बिल, जीएसटीसकट? की ‘टॅक्स वाचवतो साहेब’ म्हणाला आणि तू चिठ्ठी घेऊन आलास? बिलावर फोमची डेन्सिटी लिहून घेतली होतीस? नसेल तर त्याच्या तोंडच्या शब्दाला विचारतो कोण. बिल असेल तर आधी त्याला लेखी कळव, काट्यावरच्या वजनाचा फोटो जोड. ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तू राहतोस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आठ महिने कुरकुरण्यात घालवलेस, उरलेले तरी कामाला लाव.

दुकानदाराने पैसे दिले तर ठीक. नाही दिले तर कारागीर घरी बोलाव. पट्टे काढून झिगझॅग स्प्रिंग लावायला सांग, कोपऱ्यांना ठोकळे मारून घे. फोम तुझ्यासमोर कापायला लाव आणि कापल्यावर काट्याला लटकव. वजन पटलं तरच पैसे दे. आणि पोराला त्या हातावरून आजच्या आज खाली उतरव.