वाकायचे कोणापुढे?

प्रिय भाविकहो,



गेल्या वर्षीचा आपल्या धर्मग्रामाचा सण आपल्याला आठवत असेल. चर्चच्या आवारात मंडप घातला होता. पुढच्या दोन रांगांत पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मिस्सेला अजून अर्धा तास होता. एक आजी काठी टेकत आल्या आणि पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने एका स्वयंसेवकाने त्यांना उठवले आणि मागे नेऊन बसवले. मुलाचा दोष नव्हता. त्याला सांगितले होते तसे त्याने केले. सांगणारे आम्हीच होतो. आम्ही वेदीजवळ उभे राहून हे पाहिले आणि काही बोललो नाही. त्यानंतर त्याच मिस्सेत आम्ही नम्रतेवर प्रवचन केले.

मिस्सा संपल्यावर फाटकापाशी आजी भेटल्या. आम्ही क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, “असू द्या फादर, आम्हाला मागं बसायची सवय हाय.”

ते वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेले नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात मेजवानीला गेलेला येशू पाहुण्यांकडे बघतो. मानाच्या जागा पटकावण्याची त्यांची धडपड त्याला दिसते आणि तो त्यांना शेवटच्या जागी जाऊन बसायला सांगतो. हा उतारा आपण अनेकदा ऐकला आहे. पण तो हे सांगतो कोणाला? ज्यांना पुढची जागा मिळू शकते त्यांना. ज्यांना आयुष्यभर दाराबाहेर उभे केले गेले, त्यांना तो हे सांगत नाही. उलट त्याच अध्यायात पुढे तो यजमानाला म्हणतो की मेजवानी दिलीस तर गोरगरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. म्हणजे पुढे बसलेल्याने मागे जावे आणि बाहेर उभा असलेल्याने आत यावे. दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत व्हायच्या आहेत.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आजींचे मागे बसणे ही नम्रता म्हणायची का? सद्‌गुण हा माणसाने स्वतः निवडावा लागतो. ज्याला निवड करायची संधीच मिळाली नाही, त्याचे खाली बसणे ही त्याच्यावर लादलेली सवय आहे. तिला नम्रता म्हणून गौरवणे म्हणजे अन्यायाला हार घालणे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी नम्रतेच्या जोडीला मनाचा मोठेपणा हा सद्‌गुण ठेवला, तो यासाठीच. माणसाने आपले दोष ओळखून नम्र व्हावे आणि देवाने दिलेली दाने ओळखून मोठ्या कामाला हात घालावा. त्यांच्या मते या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. स्वतःला कवडीमोल समजणारा माणस नम्र नसतो. देवाने दिलेले त्याला अजून दिसलेले नसते, इतकेच.

मग नम्रता ओळखायची कशी? पवित्र गुरुवारची रात्र आठवा. संध्याकाळी भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशी वाकला. ते काम घरातल्या गुलामाचे होते. त्याच रात्री काही तासांनी तो हन्नासमोर बांधलेल्या अवस्थेत उभा होता. एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. तेव्हा त्याने मान खाली घातली नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव आणि चुकले नसेल तर मारतोस का, असा सरळ जाब त्याने विचारला. त्याने हात उगारला नाही, पण तो गप्पही बसला नाही. जे त्याच्यावर अवलंबून होते त्यांच्यापुढे तो वाकला आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याच्यापुढे तो ताठ उभा राहिला.

आपण सहसा याच्या उलट वागतो. वर पाहून वाकतो आणि खाली पाहून ताठतो.

आपल्या पुण्याच्या इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या, पण ख्रिस्ताच्या होत्या. १८७८ साली वयाच्या विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ असा बहुमान दिला. संस्कृत विद्या, उच्च मानली गेलेली जात आणि कीर्ती, असे सगळे त्यांच्याजवळ होते. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांनी त्यांना आसरा दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सिस्टरांच्या उपकाराची त्यांना जाण होती. तरी लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस वापरण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. जी भाषा आपल्या लोकांना समजत नाही, तिच्यात आपल्या संस्कृतपेक्षा अधिक पवित्र असे काय आहे, असे त्यांनी विचारले. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला असताना, सत्ता असलेल्या समाजापुढे त्या ताठ उभ्या राहिल्या. काहींना तो गर्व वाटला.

पण पुढचे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना जागा दिली. सोलापूरच्या गाडीने जाताना आपल्यापैकी अनेकांनी ते स्टेशन पाहिले असेल. त्या मुलींना त्या वेळचे संस्कृतप्रचुर मराठी बायबल कळत नव्हते. म्हणून ही संस्कृत पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबल उतरवू लागली. ज्या विद्वत्तेने त्यांना मान मिळवून दिला होता, तिचा डामडौल त्यांनी अडाणी मुलींसाठी बाजूला ठेवला. विद्या मात्र त्यांनी टाकली नाही, ती कामाला लावली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधला तो ताठ कणा आणि केडगावची ती वाकलेली पाठ एकाच नम्रतेची होती.

आता आपल्याकडे पाहू आणि सुरुवात आमच्यापासून करू. अंगावर पांढरा झगा असला की लोक आम्हाला रांगेतून पुढे नेतात. मागे एकदा एका दवाखान्यात असेच झाले. आमच्या आधी तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन एक आई बसली होती. आम्हाला आधी बोलावले आणि आम्ही गेलो. ‘नको म्हटले तर त्यांना वाईट वाटेल’ अशी आम्ही मनाची समजूत घातली. मोठेपणा असाच येतो. तो हिसकावून घ्यावा लागत नाही. कोणीतरी प्रेमाने हाती देतो आणि आपल्याला तो सोडवत नाही.

आपल्या धर्मग्रामात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू येथून आलेलीही आहेत. ज्यांच्या आजा-पणजांना गावात पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, ते ख्रिस्तसभेत आले, कारण येथे आपण देवाची लेकरे आहोत असे त्यांनी ऐकले. पण तसे सगळीकडे घडले नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद टिकून असल्याची कबुली त्यात दिली. ही कबुली कागदावरच राहू नये. लग्न जुळवताना आपण काय विचारतो? इंग्रजी मिस्सेला येणारा मराठी मिस्सेला येणाऱ्याला कोणत्या नजरेने पाहतो? वाचनाला तीच तीच माणसे का उभी राहतात? चर्च झाडणाऱ्या बाईंचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ज्यांना आजवर मागे बसवले गेले त्यांना आम्ही सांगू इच्छितो, तुमचे पुढे येणे हा गर्व नव्हे. वाचन करा, धर्मग्राम परिषदेत बोला, आमचे चुकले तर आम्हाला विचारा. आणि ज्यांना खुर्ची मिळालेली आहे, ज्यांत आम्हीही आलो, त्यांनी उठायला शिकावे.

यंदाच्या सणाला पाहुण्यांसाठी राखीव खुर्च्या असणार नाहीत. पुढची रांग वृद्ध, आजारी आणि अपंग भाविकांची राहील. पाहुणे जागा मिळेल तेथे बसतील. हा फार मोठा पराक्रम नाही, याची आम्हाला जाणीव आहे. पण पहिल्या रांगेच्या कडेची खुर्ची आम्ही एका आजींसाठी स्वतः पुसून ठेवणार आहोत. मागे बसायची त्यांची सवय मोडायला वेळ लागेल. त्यांना मागे बसवायची आपली सवय मोडायला कदाचित जास्त लागेल.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू