आभार कुणाचे, लाभ कुणाला?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कृतज्ञतेची वही हळूहळू टॉनिकसारखी सुचवली जाऊ लागली. स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या ६५ जणांपैकी काहींनी २१ दिवस रोज, आपण कशाबद्दल ऋणी आहोत ते लिहून काढलं. न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना झोप जास्त लागली, सकाळी तरतरी वाटली. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा व्यायाम वाढला, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या. दुसऱ्या एका गटाने मात्र जवळपास दोन आठवडे रोज लिहिलं. त्यांचं मन खुललं, पण शरीराच्या तक्रारींत फरक पडला नाही. वह्या विकणारे ही शेवटची गोष्ट सहसा सांगत नाहीत.

पुढेही असंच थोडं गोड, थोडं सौम्य चित्र दिसत राहिलं. सॅन दिएगोमध्ये हृदयविकाराच्या रुग्णांनी आठ आठवडे वही लिहिली, तेव्हा त्यांच्या रक्तातली दाह दाखवणारी काही लक्षणं कमी झाल्याचं २०१६ मध्ये मांडलं गेलं. तो प्रयोग लहान होता. नैराश्य आणि चिंतेवर २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तर परिणाम अल्पच निघाला. म्हणजे गुण येतो, पण बेताचा. डॉक्टरांची गोळी बंद करावी इतका तर नाहीच.

खरा पेच इथून पुढे आहे. झोप यावी म्हणून मानलेले आभार, आभार राहतात का?

जुन्या परंपरांनी हा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला होता. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ती अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने फेडायची. त्यात कर्जदाराला बरं वाटण्याची बातच नाही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने आपल्या टिपणांच्या पहिल्या भागात आजोबा, आई, गुरू असे एकेक करून कोणाकडून काय मिळालं ते नोंदवलं. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या शिकवणीची टिपणं हाती ठेवणारा गुरू रस्टिकसही त्यात आहे. गंमत म्हणजे शेवटी मार्कस देवांचेही आभार मानतो, कारण रक्ताच्या गुळण्या आणि भोवळ यांवरचे उपाय त्याला स्वप्नांतून सुचले. तब्येत तिथेही आली, पण ऋण म्हणून. मोबदला म्हणून नव्हे.

सर्वांत कडक वही जपानची. योशिमोतो इशिन या बौद्ध गृहस्थाने विसाव्या शतकात ‘नाइकान’ नावाची पद्धत बसवली. साधक आठवडाभर खोलीच्या कोपऱ्यात, घडीच्या पडद्याआड बसतो. बहुधा आईपासून सुरुवात होते आणि आयुष्याचे काही वर्षांचे तुकडे पाडून तीनच प्रश्न विचारायचे: तिच्याकडून मला काय मिळालं, मी तिला काय दिलं, आणि मी तिला काय त्रास दिला? दर एक-दोन तासांनी मार्गदर्शक येतो, वाकून नमस्कार करतो, उत्तर ऐकतो आणि निघून जातो. सल्ला नाही, शाबासकी नाही. आईने तुला काय त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच ठेवलेला नाही. जपानच्या तुरुंगांतही ही पद्धत वापरली गेली.

दुकानातल्या सुबक वहीत पहिलाच प्रश्न छापलेला असतो. ‘आजच्या तीन चांगल्या गोष्टी’ लिहिताना गरम चहा, पाऊस, मुलाचे गुण असं काहीबाही येतं. देणारा बहुतेक वेळा गळून जातो. दुसरा प्रश्न विचारला तर पान उलटून कुणाला फोन करावा लागेल, तिसरा विचारला तर कदाचित माफी मागावी लागेल. त्या रात्री झोप चांगली लागेल याची खात्री नाही, तरी कृतज्ञता म्हणून तीच वही अस्सल वाटते.

नाइकानचा हा कडकपणा सगळ्यांनाच मानवेल असंही नाही. घरात मार खाऊन वाढलेल्या मुलीला चौथा प्रश्न नाकारणं क्रूरच ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देत, कृतज्ञतेलाही मर्यादा असतात हे बजावलं होतं: स्वाभिमान गमावून माणसाने आणि स्वातंत्र्य गमावून राष्ट्राने ऋणी राहू नये. भाषणातला तो भाग विभूतिपूजेविषयी होता, पण तो स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. ‘मालकिणीने पगार वेळेवर दिला’, ‘सासरच्यांनी नोकरी करू दिली’ अशा नोंदी आभारांच्या वहीत करणाऱ्या बाईला झोप लागेलही. तिला वही भरायला सुचवणाऱ्या समुपदेशकाने आधी तिला रजा किती मिळते, ते विचारलेलं बरं.