उसने कवच

पावसाळ्यापूर्वी मातोश्रींना फ्लूची लस टोचून घ्यावी म्हणून महूतील आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी ओळखीतले एक तरुण गृहस्थ होते. मांडीवर नऊ महिन्यांचे मूल. गोवराची लस द्यावी की नाही, याविषयी त्यांचे मन द्विधा होते. ते म्हणाले, "काका, हल्ली सगळ्यांचीच मुले लस घेतात. मग आमच्या एकट्याने न घेतली, तर गोवर येणार कोठून?"

वकिलाच्या कानाला हा युक्तिवाद बिनतोड वाटावा. कायदाही वरवर पाहता त्यांच्याच बाजूचा. कोविडच्या लसीसंबंधी २ मे २०२२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. (समाजहितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा त्याच निकालाने सरकारला दिली, तो भाग बहुधा कोणी सांगत नाही.) परंतु आपल्या देहाविषयी निर्णय करणारा तो सज्ञान माणूस. मांडीवरचे मूल कायद्याच्या भाषेत 'अज्ञान'. बाप त्याच्या देहाचा मालक नव्हे, विश्वस्त.

शिवाय त्या युक्तिवादातले कवच उसने आहे. गोवर इतक्या झपाट्याने पसरतो, की शंभरांतील सुमारे ९५ जणांना संरक्षण असेल तरच तो थोपतो. समोरच्या बाकावर चार महिन्यांचे एक तान्हे निजले होते. ही लस आपल्याकडे नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. तोवर त्याची सारी भिस्त आपल्यावर. उरलेल्या पाचांतील जागा त्याची आहे, धडधाकट मुलाची नव्हे.

आमच्या आजी लसीला 'देवी काढणे' म्हणत. रोगही देवी, त्यावरचा उपायही देवी! माळव्यात होळीनंतर शीतळासप्तमीला आजही चूल न पेटवता आदल्या दिवशीच्या अन्नाचा नैवेद्य दाखवितात. त्याच श्रद्धाळू घरांनी दंडावर व्रण करून घेतले आणि १९८० साली जगातून देवीचा रोग गेल्याचे जाहीर झाले. हिंदुस्थानात ती लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिच्या हातावरच्या फोडातील लस मग इतर मुलांना दिली गेली. तिला कोणी विचारले नव्हते. तिचे ऋण मात्र आपण सारेच भोगीत आलो.

"पण माझ्याच मुलाला काही झाले तर?" त्यांनी विचारले. हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा खरा वाटला. एखादा दिवस ताप, अंगावर थोडे पुरळ, हे नेहमीचे. गंभीर इजा फार विरळा. तथापि विरळा म्हणजे कोणाच्या तरी घरी. शेजाऱ्याच्या तान्ह्यासाठी आपण त्यांच्याकडे काही मागत असू, तर दुर्दैवाने ती वेळ आलेल्या घराचा औषधोपचार आणि पुढचा सांभाळ सर्वांनी उचलला पाहिजे, आणि तोही उपकार म्हणून नव्हे. मी त्यांना एवढेच म्हणालो. पटले की नाही, कळले नाही. तेवढ्यात मातोश्रींचा नंबर आला.