आज्ञा कोणाची, उत्तर कोणाचे?

कोणत्याही विद्येचा पहिला पाठ त्या विद्येविषयी जेवढे सांगतो, त्याहून पुष्कळ अधिक शिकणाऱ्याच्या स्वभावाविषयी सांगून जातो. संगणकाला आज्ञावली लिहून देण्याची विद्या याला अपवाद नाही. भोपाळ शहरात 1960 साली मौलाना आझादांच्या नावाने तंत्रमहाविद्यालय निघाले, आणि 1998 साली तेथेच राज्याचे तंत्रविद्यापीठ स्थापन झाले. आज अशा संस्थांतून शाखा स्थापत्याची असो की विद्युतेची, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला बहुधा आज्ञावलीची तोंडओळख करून घ्यावीच लागते. अलीकडे मात्र घरोघरची वडीलधारी मंडळी विचारू लागली आहेत की, यंत्रच जर आता मागाल ती आज्ञावली क्षणार्धात लिहून देते, तर पोरांनी ही अक्षरे घोटावीत तरी कशाला? प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसतो. त्याच्या मुळाशी प्रश्न धर्माचा आहे.

यंत्राचा स्वभाव प्रथम पाहू. घरातल्या गड्याला ‘देवापाशी दिवा लाव’ म्हटले आणि दिवा आधीच तेवत असला, तर तो परत येऊन तसे सांगतो. त्याला आज्ञेमागचा हेतू कळतो. यंत्राला हेतू कळत नाही, केवळ शब्द कळतो. सी नावाच्या भाषेत सात या पूर्णांकाला दोन या पूर्णांकाने भागावयास सांगितले, तर उत्तर तीन येते. उरलेला अर्धा यंत्र मुकाट्याने टाकून देते. नवशिक्या विद्यार्थी म्हणतो, यंत्र चुकले. वास्तविक यंत्र चुकलेले नसते. अपूर्णांक राखण्याची आज्ञाच त्याला कोणी केलेली नसते. बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर 1843 साली टिपणे लिहिताना एडा लव्हलेस या विदुषीने हेच बजावले होते की, यंत्र स्वतःहून काही उपजवीत नाही. आपण सांगू जाणतो तेवढेच ते करते. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या पदरी पडणारा हा अनुभव मोठा मोलाचा आहे. समोर दोष देण्यास कोणीच नसते. दोष शोधावयाचा तो आपल्याच लेखणीत.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. कुलदेवतेच्या देवळात अभिषेकाला बसलेला यजमान आधी संकल्प सोडतो. त्यात देश, काल, गोत्र, नाव आणि हेतू यांचा स्पष्ट उच्चार असतो. पुढचा सारा विधी गुरुजी सांगतात, मंत्रही तेच म्हणतात. परंतु ‘करिष्ये’ म्हणून उदक सोडावयाचे ते यजमानाने. हे क्रियापद आत्मनेपदी आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते, असा त्याचा भाव. विधी दुसऱ्याकडून करवून घेता येतो, संकल्प करवून घेता येत नाही. यंत्राला विधी देता येतो. संकल्प देता येत नाही, कारण संकल्पाला नाव-गोत्र असलेला कर्ता लागतो.

असा कर्ता हरवला म्हणजे काय होते, हे भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असणार? 2 आणि 3 डिसेंबर 1984 यांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. तेथे दोष संगणकाचा नव्हता; परंतु आज्ञा देणारा दूर, पाळणारा जवळ आणि मरणारा भिंतीपलीकडे, ही रचना विचार करण्याजोगी आहे. 1989 साली 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली. फौजदारी शिक्षा सुनावली गेली ती जून 2010 मध्ये, आणि तीही दोन वर्षांची. दिल्लीतील 1985 च्या वायुगळतीच्या प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली निःसंदिग्धपणे ठरविले की, घातक उद्योग चालविणाऱ्याला ‘आम्ही काळजी घेतली होती’ एवढे सांगून सुटता येणार नाही. दायित्व पूर्ण आहे.

आज्ञावलीनेही माणसे दगावली आहेत. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडा येथे थेराक-25 नावाच्या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव काढून सारा भरवसा आज्ञावलीवर टाकलेला होता. पडद्यावर दोषाचा नुसता क्रमांक उमटे. त्याचा अर्थ ठाऊक नसलेला चालक कळ दाबून पुढे जाई.

यावर कोणी म्हणेल, आजच्या अवाढव्य आज्ञावल्या एकट्याला वाचून तरी होतील काय? हा आक्षेप खरा आहे. आम्ही वकीलही प्रत्येक मसुदा स्वहस्ते लिहीत नाही. कनिष्ठाने लिहिलेल्यावर सही करतो. परंतु ती सही करण्याचा अधिकार आधी वर्षानुवर्षे स्वतः मसुदे लिहून मिळविलेला असतो. दोष कोठे दडून बसतो, हे लिहिणाऱ्या हातालाच कळते. पक्षकारही शपथपत्राखाली, मजकूर वाचला, समजला आणि तो खरा आहे, असे लिहून देतो. ज्याला मजकूर वाचताच येत नाही, त्याच्या शपथेला मोल ते काय?

तेव्हा यंत्राकडून लिहवून घेण्यास हरकत नाही. हरकत आहे ती न समजता सही करण्यास. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने चार-सहा महिने तरी आज्ञावली आपल्या हाताने लिहावी, चुकावे, चूक स्वतः शोधावी. त्यातली भाषा दहा वर्षांत जुनी होईल, कदाचित विसरलीही जाईल. मात्र ‘हे मी सांगितले, म्हणून घडले’ असे म्हणण्याची एकदा लागलेली सवय टिकेल. उद्या त्याच्या आज्ञेने एखाद्या रुग्णालयात औषधाची मात्रा ठरेल किंवा एखाद्या म्हातारीचे निवृत्तिवेतन थांबेल, तेव्हा तिला उत्तर देण्यास नाव-गोत्र असलेला एक माणूस जागेवर असला पाहिजे.