अभंग सर्वांचा, ध्वनिमुद्रण कोणाचे?

एकादशी जवळ आली की हल्ली अभंगांची देवघेव भ्रमणध्वनीवरून फार होते. येथे सावेडीस, नगरच्या या उपनगरात, भजनी मंडळ म्हटले की त्याचा व्हॉट्सॲपचा गट आलाच. पहाटे काकड्याच्या वेळी कोणी पंडित भीमसेन जोशींचा अभंग धाडतो आणि दुपारपर्यंत तो पन्नास गटांत गेलेला असतो. धाडणाऱ्यास हटकले तर तो म्हणतो, "माउली, नामच वाटलं की! त्यात कसली आलीय चोरी?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला संप्रदायच मुळी वाटण्यावर उभा आहे. संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग हाताने उतरले, पुढे फडाफडांतून नकला झाल्या, आणि मग १८६९ व १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत निघाली. तेव्हा नाम वाटण्यास परवाना कशाला, असे वारकऱ्यास वाटले तर नवल नाही.

परंतु सज्जनहो, भ्रमणध्वनीवरून जे जाते ते नुसते नाम नव्हे. शब्द तुकोबांचे, त्यांवर कोणाचीही मालकी नाही. चाल मात्र कोणा संगीतकाराची असते. 'अभंग तुकयाचे' मधील लताबाईंनी गायिलेल्या चाली श्रीनिवास खळ्यांच्या. खळे २०११ साली गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चालीवरील हक्क कर्त्याच्या पश्चात साठ वर्षे, म्हणजे येथे २०७१ अखेरपर्यंत राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तो प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे. १९६० ची तबकडी २०२० अखेर मोकळी झाली, कालपरवाची नाही.

जाणूनबुजून हा हक्क मोडणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी केले नसेल तर न्यायालय विशेष कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते, पण 'फुकट वाटले' एवढ्याने गुन्हा पुसला जात नाही. शिवाय हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ठरविले. एकेका भाविकाच्या दारी पोलीस येतील असे मी म्हणत नाही. मात्र मंडळाच्या नावाने वाहिनी काढून तीवर शेकडो अभंग चढविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणि एक गोष्ट तर आपल्या अगदी अंगणातली. सप्ताहात बुवा कीर्तनास उभे राहिले की पुढच्या रांगेत दहा भ्रमणध्वनी उभे राहतात. बुवांस कोणी विचारीत नाही. कायद्याच्या दृष्टीने व्याख्यान देणाराही 'कलाकार' आहे. त्याच्या संमतीवाचून मुद्रण करून ते जगभर पसरविणे हा त्याच्या हक्काचा भंग होय. घरी स्वतः ऐकण्यापुरते करून घेतले तर हरकत नाही. काहीजण तर बुवांचे नाव काढून टाकून आपल्या मंडळाचे नाव व छायाचित्र चिकटवितात! सालोमालोने तुकोबांच्या अभंगांत आपली मुद्रा घातली, त्याला आपण आजवर नावे ठेवतो.

कोणी म्हणेल, कीर्तनाचे मोल घेऊ नये हीच संतांची शिकवण, मग कंपनीने अभंगावर पैसा का करावा? आक्षेप खरा आहे. मलाही तो बोचतो. पण मोल न घेणे हे व्रत गाणाऱ्याने स्वतः घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या वतीने आपण ते घेऊन टाकणे, आणि पखवाज्याची दिवसभराची मेहनत परस्पर दान करून पुण्य आपल्या पदरी बांधणे, हा कोणता परमार्थ?

मौज अशी की, याच कायद्याने आपली जुनी वाट मोकळी ठेवली आहे. खऱ्या धार्मिक विधीत चाल गाण्यास वा मुद्रण वाजविण्यास आडकाठी नाही. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढे किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी ती चाल गाइली तरी दोष नाही. कानाने ऐकावे, गळ्यावर चढवावे, दिंडीत म्हणावे. निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरीस जाते तेव्हा खुशाल गावे. यंत्रातली नक्कल धाडावयाची तर मूळ प्रकाशकाच्या पानाचा दुवा धाडावा. आणि बुवांचे कीर्तन पसरवावयाचे असेल तर नारळ देतानाच विचारून घ्यावे. बहुतेक बुवा हो म्हणतील. त्या होकाराच्या दोन ओळी मंडळाच्या वहीत लिहून खाली त्यांची सही घ्यावी.