मुक्या जनावरांची दया

दुसरबीडच्या शिवारात पौषाची थंडी पडली म्हणजे वाड्यातील मेंढ्या रात्री एकमेकींस बिलगून बसतात. वाऱ्यास अंग कमी उघडे राहिले की ऊब कमी जाते. गोठ्यातील बैलाने खाल्लेला कडबा पोटात आंबतो व त्यातून उष्णता निघते. तिचा लाभ जवळच्या वासरासही होतो. ह्यास दया म्हणावे काय?

कोणी म्हणेल, ही तर ज्याची त्याची गरज. ते खरेच, तोच बैल गव्हाणीवर दुबळ्यास शिंगाने लोटितो. तथापि मुके प्राणी अगदीच निर्दय नव्हेत. सन २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांस असे आढळले की, उंदीर कोंडलेल्या सोबत्यास मोकळा करितो व पुष्कळदा आपल्या खाऊतून त्यास वाटाही ठेवितो.

मग मनुष्याचे विशेष ते काय? मेंढी ऊब देते, ती घेता घेता देते. परंतु परके कोकरू कासेस आले तर त्यास ढुशी मारून दूर करिते. मनुष्यास परक्याकडे उठून जाता येते. म्हणून प्रिय वाचकहो, ज्याच्याकडून ऊब परत मिळावयाची नाही, अशाच्या दारी आपले घोंगडे पोहोचले, तर ती दया होय. आपल्याच माणसांस बिलगून बसणे मेंढ्यांसही साधते.