उतारशाळेचा रक्षक



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कॅटेकिझमच्या वर्गात त्यावर नाटुकली बसवली जायची, तेव्हा शोमरोनी व्हायला सगळेच पुढे असत. उतारशाळेच्या रक्षकाची भूमिका मात्र ज्याला संवाद पाठ होत नसत त्याच्या वाट्याला येई. संत लूकदेखील त्याच्या तोंडी एकही शब्द घालत नाही. पण विचार करा, शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून गेला. त्यानंतरच्या रात्री त्या जखमी माणसाच्या उशाशी कोण जागले? त्याच्या जखमा कोणी धुतल्या, त्याला पाणी कोणी पाजले? आज आपण या मुक्या माणसाविषयी आणि त्याच्यासारख्या काहींविषयी बोलणार आहोत.

सन १९९५. आफ्रिकेतील झैर, म्हणजे आजचा काँगो देश. तेथील किकवीट या शहरातील सरकारी रुग्णालयात इटलीतील बेर्गामोच्या धर्मभगिनी सेवा करीत होत्या. संत लुईजी पालाझ्झोलो यांनी १८६९ मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेला हा संघ. एप्रिल महिन्यात पोटाच्या दुखण्याने आजारी असलेल्या एका प्रयोगशाळा तंत्रज्ञावर तेथे शस्त्रक्रिया झाली. टायफॉइड असावा असा सर्वांचा समज होता. तो रुग्ण दगावला आणि थोड्याच दिवसांत शस्त्रक्रियेच्या खोलीतली माणसे एकामागून एक तापाने आडवी पडू लागली. तो इबोला होता. पण हे निश्चित कळायला मे महिना उजाडावा लागला.

शस्त्रक्रिया विभागात काम करणाऱ्या, चाळीसहून अधिक वर्षे आफ्रिकेत राहिलेल्या सिस्टर फ्लोराल्बा २५ एप्रिल रोजी गेल्या. मग ६ मे रोजी सुईण असलेल्या सिस्टर क्लारान्जेला, ११ मे रोजी सिस्टर दानिएलान्जेला, १४ मे रोजी सिस्टर दिनारोझा. संघाच्या प्रांताधिकारी सिस्टर आन्नेलवीरा राजधानी किन्शासाला होत्या. आपल्या बहिणी आजारी आहेत हे कळताच त्या किकवीटला धावल्या आणि २३ मे रोजी त्यांनीही देह ठेवला. सिस्टर वीतारोझा याही मदतीसाठी किन्शासाहूनच गेल्या होत्या. २८ मे रोजी त्या वारल्या. जेमतेम पाच आठवड्यांत एकाच संघाच्या सहा भगिनी! पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये या सहाही जणींना 'वंदनीय' घोषित केले.

इथे थांबून, डोळे पुसून 'केवढा हा त्याग' असे म्हणणे सोपे आहे. तसे म्हणायलाच हवे. पण तेवढेच म्हणून उठलो तर आपली काहीतरी चूक होते. त्या साथीत सुमारे ३१५ जणांना लागण झाली, त्यांतले ८० जण आरोग्यसेवक होते. म्हणजे दर चार रुग्णांमागे एक जण सेवा करणाऱ्यांतलाच. यात स्थानिक परिचारिका होत्या, डॉक्टर होते, वॉर्डबॉय होते. त्यांची नावे आपल्या कानावर कधी येत नाहीत. त्या रुग्णालयात हातमोजे, मास्क, स्वच्छ पाणी यांची टंचाई होती. बाहेरून पथके आली, मोजे, गाऊन आले, रुग्ण वेगळे ठेवले जाऊ लागले, तशी सेवकांमधली लागण झपाट्याने थांबली. मग प्रश्न पडतो: त्यांतल्या कितीजणांना देवाने बोलावले आणि कितीजण केवळ मोज्यांच्या जोडीअभावी गेले? आम्हाला याचे उत्तर देता येणार नाही. पण देवाच्या इच्छेचे नाव घेऊन माणसाची हयगय झाकू नये, एवढे निश्चित.

पुन्हा त्या दाखल्याकडे वळू या. शोमरोनी त्या रक्षकाला नुसता 'याला सांभाळ' असे सांगून गेला नाही. त्याने दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, त्याच्या हातावर ठेवली. वर अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असा शब्द दिला. सेवा करणाऱ्याला रिकाम्या हाताने सेवा करायला लावणे येशूच्या दाखल्यात बसत नाही.

आपल्या मातीलाही अशी मरणे नवी नाहीत. पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. आणि २०२० तर आपण सर्वांनी पाहिले. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभर सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक कोविडने मरण पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बंधू-भगिनींनो, त्या वर्षी आपणही टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. आणि त्याच आठवड्यांत रात्रपाळी करून घरी येणाऱ्या आपल्याच धर्मग्रामातील मुलींना पाहून आपण दारे लावून घेतली. एकीला विहिरीवर येऊ नकोस म्हणून सांगितले गेले. एकीच्या मुलांना शेजारच्या अंगणात खेळायला मज्जाव झाला. सांगणारे परके नव्हते. रविवारी आपल्या शेजारी बाकावर बसणारेच होते. आम्हीही त्यावेळी गप्प राहिलो. भीती खरी होती, हे मान्य. याजक आणि लेवी यांनाही भीतीच वाटली असेल, कोण जाणे.

त्यांतल्या कोणी अजून आपल्यावर रागावल्या असतील तर तो राग रास्त आहे. त्यांची क्षमा मागायला पाच-सहा वर्षे उशीर झाला आहे, तरी आज या पानावरून आम्ही ती मागतो.

आजच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी किकवीटच्या सहा भगिनींची नावे वाचली जातील. तुमच्या कुटुंबातील कोणी रुग्णसेवा करताना मरण पावले असेल, मग ते डॉक्टर असोत वा सफाई कामगार, तर त्यांचे नाव एका चिठ्ठीवर लिहून मिस्सापूर्वी साक्रिस्तीत द्यावे. तीही नावे वाचली जातील. आणि अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीकडे घेऊन येण्याची विनंती आम्ही आपल्या धर्मग्रामातील परिचारिकांना केली आहे. रात्रपाळीहून थेट येणाऱ्यांनी गणवेशातच यावे.